मॉरिशसच्या सगळ्यात उंच डोंगरावर, पेरूच्या बोगद्यातून

भटकभवानी (धागाकर्ती), सोमवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेले सात महिने कामानिमित्त मॉरिशसमध्ये आहे. इथे येणारा मराठी माणूस समुद्र बघतो, शामारेलची सात रंगांची माती बघतो, गंगा तलावाला हात जोडतो आणि विमानात बसतो. मी मात्र आल्या आल्या ऑफिसात विचारलं, तुमच्याकडचं कळसूबाई कुठलं? एक म्हणाला पीटर बोथ, दुसरी म्हणाली ल मोर्न. दोन्ही चूक. खरं उत्तर उच्चारतानाच माणूस अडखळतो: पितों द ला पतीत रिव्हिएर न्वार. छोट्या काळ्या नदीचं शिखर. उंची ८२८ मीटर.

काल जाऊन आले. पहिली गंमत म्हणजे हा डोंगर कुठूनच डोंगर वाटत नाही. ल मोर्न ५५६ मीटरचा, पण समुद्राच्या काठावरून ताडकन उठतो, नजर हटत नाही. पीटर बोथच्या टोकावर तर मुंडक्यासारखा धोंडा बसवलाय. आणि हा सर्वोच्च म्हणवणारा? लांबलचक धारेला आलेला जरासा फुगवटा. गॉर्जेस व्ह्यूपॉइंटजवळ गाडी लावली आणि समोरच्या रांगेत नक्की कुठलं ते दोघांना विचारलं. दोघांनी दोन वेगळी टोकं दाखवली.

जाऊन-येऊन आठ-नऊ किलोमीटर. गाडीरस्त्यानेच बरीच उंची गाठून होते, त्यामुळे पहिला तासभर चढ असा नाहीच, धारेवरून नुसतं खाली-वर. पण ती वाट! दोन्ही बाजूंना मनगटाएवढ्या खोडांची इतकी दाटी की बोगद्यातून चालल्यासारखं वाटतं. साल गुळगुळीत, तांबूस, पापुद्रे सुटलेली. आणि वर लालचुटुक फळं, सुपारीपेक्षा थोडी मोठी. चिनी पेरू. तोडा, पुसा, तोंडात टाका. आंबटगोड, वास अगदी आपल्या पेरूचा. वाटेत एक कुटुंब भेटलं, आजींनी न विचारता तिखटमिठाची पुडी पुढे केली. मी किती खाल्ले ते विचारू नका.

शेवटचा टप्पा मात्र वेगळाच. लाल चिकणमाती, बाहेर आलेली मुळं आणि उभा चढ. दोर बांधून ठेवलेत. रात्री पाऊस पडून गेलेला. उतरताना मला काय अवदसा आठवली, दोर सोडून मुळाला धरायला गेले. जी बसले ती दहा-बारा फूट तशीच.

माथ्यावर चार चटया अंथरल्या तर पाचवीला जागा नाही. नैऋत्येला ल मोर्न आणि प्रवाळाच्या कडेच्या आतलं फिकट निळं पाणी, त्यात बेनितिए बेट. दुसऱ्या अंगाला काळ्या नदीची घळ, तळापर्यंत हिरवी. तिच्यातून एक पांढराशुभ्र, लांब शेपटीचा पक्षी तरंगत गेला. एअर मॉरिशसच्या चिन्हात असतो तोच.

इतकं घनदाट, हिरवंगार जंगल मी सह्याद्रीतही क्वचित पाहिलंय. फोटो चढत नाहीयेत, जमलं की टाकते.

---

शंकासुर, सोमवार रात्री १०:०५

८२८ मीटर? हे तर माथेरान झालं. आमचा सिंहगड १३०० च्या वर आहे आणि तिथे लोक पिठलं-भाकरी खायला जातात. बाकी लेख छान. फोटो नाहीत तर चढलात कशावरून?

---

काळाकातळ, सोमवार रात्री ११:३२

शंकासुर, सिंहगडाचा आकडा सांगताना पुणंच साडेपाचशे मीटरवर बसलंय हे सोयीस्कर विसरलात. मॉरिशसच्या डोंगराचे ८२८ मीटर समुद्रापासून मोजलेत आणि तिथून समुद्र नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

भटकभवानी, तुम्ही घसरलात तिथला दगड पाहिलात का? काळपट, मधेमधे बारीक भोकं? पाहिला असेल तर ओळखीचाही वाटला असेल, आणि ती ओळख खरी आहे. मी आयुष्यभर दख्खनचा कातळ फोडत आलो, आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पृथ्वीच्या पोटात खोलवरून वर येणारा एक तप्त झोत आहे. त्याला रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात. चूल एका जागी आणि वरचा तवा सरकतोय असं समजा. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड या चुलीवरून सरकत होता. तेव्हा जो लाव्हा ओतला गेला तो थरावर थर साचून आपलं दख्खनचं पठार झालं. आज उरलेलंच पाच लाख चौरस किलोमीटर आहे. भारत उत्तरेकडे निघून गेला आणि चुलीने मागे चटक्यांची रांग सोडली: लक्षद्वीपचा कणा, मालदीव, चागोस. मग दोन तव्यांमधली समुद्रतळाची भेगच चुलीवरून गेली, त्यामुळे पुढचे चटके आफ्रिकेच्या तव्यावर बसले. त्यातला एक मॉरिशस. आज चूल शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून वरचेवर लाव्हा ओकतो. बहुतेक भूवैज्ञानिक हीच मांडणी मानतात. राजगडाची बालेकिल्ल्याची वाट आणि तुमची कालची घसरगुंडी, दोन्ही एकाच चुलीवरच्या. फक्त मधे साडेपाच कोटींहून जास्त वर्षं गेलीत.

आता तो फुगवटा. मॉरिशस म्हणजे एके काळी पालथ्या परातीसारखा एकच मोठा ज्वालामुखी होता, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीचा. मधला भाग खचला, झिजला. खूप नंतर नवा लाव्हा येऊन तो खड्डा भरला आणि मधलं पठार तयार झालं. क्यूरपीपचं त्रू ओ सेर्फ हे वाटीसारखं विवर त्या नंतरच्या लाव्हाचं. जुन्या ज्वालामुखीची फक्त कड तुकड्यातुकड्यांनी उरली. पीटर बोथ आणि ल पूस हे उत्तरेकडचे तुकडे, तुमची धार नैऋत्येकडचा. पावसाने कडेचे कुठले तुकडे किती कुरतडले एवढ्यावरच कोण सर्वोच्च ते ठरलं. पीटर बोथ ८२० च्या आसपास आहे, आठेक मीटरचा तर मामला. तुमचा डोंगर जिंकला, पण डौल पीटर बोथकडे राहिला.

रियुनियनचं सर्वात उंच शिखर ३००० मीटरच्या वर आहे. ते बेट तरुण. मॉरिशस म्हातारं, बसकं झालेलं.

---

चिऊताई, मंगळवार सकाळी ७:१५

काका, चूल आणि तवा! माझ्या आठवीतल्या लेकीला आत्ता वाचून दाखवलं. दंडवत.

---

पानफुटी, मंगळवार सकाळी ८:५०

भटकभवानी, लिहिलंयस सुरेख. एक प्रश्न विचारते, रागावू नकोस. त्या बोगद्यात खाली काय होतं? म्हणजे खोडांच्या मधे, जमिनीवर?

---

भटकभवानी, मंगळवार सकाळी ९:२०

खाली? वाळकी पानं. सडलेले पेरू. आणि पेरूचीच बोटभर रोपं, गालिच्यासारखी. का गं?

---

पानफुटी, मंगळवार सकाळी ९:४५

तेच. नेचे? वेली? दुसऱ्या कुठल्या झाडाचं एखादं रोप?

---

भटकभवानी, मंगळवार सकाळी १०:०२

आता तू विचारलंस म्हणून आठवतेय... नाही. काहीच नाही. मला आता भीती वाटायला लागलीय.

---

पानफुटी, मंगळवार दुपारी १:३०

वाटायलाच हवी. तू दोन तास चाललीस ते जंगल नव्हे, तण आहे. आपल्याकडे रानमोडी आणि घाणेरी माजते तसं, फक्त हे झाडाएवढं वाढतं. नाव चिनी पेरू, पण मूळचा ब्राझीलचा. त्याच्या दाटीखाली दुसरं बी रुजत नाही. रुजलं तर उजेड मिळत नाही. वर जी मोठी देशी झाडं उभी असतात ती म्हातारी, आणि त्यांच्या खाली त्यांचं एकही पोर नाही. बघणाऱ्याला हिरवंगार दिसतं. वंश मात्र संपत आलेला.

आणि त्या भागात पंख्यासारखी पानं पसरलेली केळीसारखी झाडं दिसली असतील, सगळे हौसेने फोटो काढतात. तीही बाहेरची, मादागास्करची.

---

शंकासुर, मंगळवार दुपारी २:१०

हिरवं ते हिरवं. फळ लागतंय, माणसं खातायत, माती धरून ठेवतायत. आंबाही कुठूनतरी कुठेतरी गेलाच ना? बटाटा तर आपला नव्हेच. मग या पेरूनेच काय घोडं मारलंय? (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

कास्काव्हेलकर, मंगळवार रात्री ८:२५

नमस्कार. मी मॉरिशसचा मराठी आहे. माझे खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर कामाला आले. घरी आम्ही क्रिओल बोलतो, मराठी मी शाळेत शिकलो, म्हणून चुकल्यास सांभाळून घ्यावे.

शंकासुर साहेब, हा प्रश्न मीही विचारत असे. आमच्याकडे या फळाला गोयाव द शीन म्हणतात. मोसमात रविवारी घरची सगळी माणसे पिशव्या घेऊन प्लेन शांपान्यला जातात. माझी आजी त्याचा जॅम करीत असे, घरभर वास. हे झाड आमच्या रानाचा शत्रू आहे हे मला विशीत कळले, तेव्हा आजीबद्दल कोणी वाईट बोलल्यासारखे वाटले.

परंतु हिशेब पाहा. या बेटावर माणूस वस्तीला आला १६३८ मध्ये. डच लोक आले, ते काळ्या लाकडासाठी. १६३९ मध्ये त्यांनी जावा बेटावरून हरणे आणून सोडली. माकडे, डुकरे, उंदीर हेही जहाजांतूनच आले. डोडो त्याच शतकात संपला. नंतर उसाचे मळे पसरले, आणि मळे पसरले म्हणून आम्ही आलो. आज खऱ्या अर्थाने देशी म्हणता येईल असे चांगले रान बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे, आणि त्यातले बरेचसे या डोंगराच्या आसपास, काळ्या नदीच्या घळीत. बटाट्याने कोणाचे शेवटचे घर घेतले नाही. हा पेरू नेमका तिथेच घुसतो. पेरू डुकरे खातात, माकडे खातात, आणि बी पुढे नेऊन पेरतात. कापला तर बुंध्यातून पुन्हा फुटतो.

१९९४ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले, ६,५७४ हेक्टरचे. त्यात काही तुकडे कुंपण घालून वेगळे केले आहेत. तिथे माणसे हातांनी तण उपटतात. कुंपणामुळे हरीण व डुक्कर थांबते. माकड थांबत नाही. त्याला कोण थांबवणार?

---

शंकासुर, मंगळवार रात्री ८:५०

‘शेवटचे घर’ हे पटलं. माघार. पण काळं लाकूड म्हणजे कुठलं?

---

पानफुटी, मंगळवार रात्री ९:३०

आबनूस. विडीचं तेंदूपान माहितीये ना, त्याच कुळातला, थेट चुलतभाऊ. आपली टेंभुर्णीही त्यातलीच. म्हणजे काळाकातळांचा दगडच ओळखीचा आहे असं नाही, झाडातही नातं आहे.

@कास्काव्हेलकर, तुमचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आहे, माफी कसली मागता!

---

रिकामटेकडा, मंगळवार रात्री १०:१०

डोडोचा विषय निघालाच आहे तर: तिथे म्हणे एक झाड आहे, त्याचं बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नसे, म्हणून डोडो गेल्यावर तीनशे वर्षांत एकही नवं झाड उगवलं नाही. ते दिसलं का?

---

पानफुटी, मंगळवार रात्री १०:४०

आलं का ते व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठातून! झाड खरं आहे, ताम्बालाकोक. गोष्ट १९७७ साली स्टॅन्ली टेम्पल या शास्त्रज्ञाने मांडली आणि ती इतकी गोड होती की जगभर गेली. पण डोडोच्या पोटात न जाताही बी रुजतं, आणि तीनशे वर्षांहून कमी वयाची झाडंही सापडली. त्याच्या हलाखीला वर कास्काव्हेलकरांनी सांगितलेली मंडळी पुरेशी आहेत, शिवाय पेरू.

खरी गोष्ट हवी असेल तर याहून भारी आहे. या डोंगराच्या पूर्वेला पेत्रँ म्हणून जागा आहे, पठारावरचं ओलं, खुरटं रान. तिथे केवडा वाढतो, त्यांचा देशी. तिथेच ट्रोकेशिया नावाचं लाल घंटेसारख्या फुलांचं झुडूप असतं, आणि त्याच्या फुलातला मध चक्क रंगीत. तो प्यायला येते निळ्या शेपटीची एक दिनचर पाल. आपल्या घरातली पांढरट पाल नव्हे. हिरवी-निळी, पाठीवर लाल ठिपके. परागीभवन तीच करते. आता या पालीला खाणारा मॉरिशसचा छोटा ससाणा वर घिरट्या घालत असतो, म्हणून ती केवड्याच्या काटेरी पानांच्या बेचक्यात लपते आणि तिथून फार लांब जात नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की केवड्याच्या जवळ उभ्या असलेल्या ट्रोकेशियाला जास्त फळं धरतात. लांबच्या झुडपांकडे पाल जातच नाही फारशी.

म्हणजे केवडा उपटला तर शेजारच्या लाल फुलाला फळ कमी धरायचं. आपल्याकडे केवड्यात नाग असतो म्हणतात. तिथे पाल असते, आणि तिच्यावर कुणाचं तरी घर चालतं.

---

कास्काव्हेलकर, बुधवार सकाळी ६:४०

पानफुटी ताई, केवड्याला आमच्याकडे वाकुआ म्हणतात. वाकुआ नावाचे मोठे शहर आहे, ते याच झाडावरून. तिथे मराठी वस्ती पुष्कळ. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. केवड्याच्या नावाच्या गावात गणपती बसतात हे माझ्या आत्ता लक्षात आले!

ससाण्याचेही सांगतो. १९७४ मध्ये रानात फक्त चार ससाणे उरले होते आणि ते याच घळीच्या कड्यांवर. गुलाबी कबुतरेही १९९० च्या सुमारास दहाच्या घरात आली होती. पिंजऱ्यात पिल्ले वाढवून, रानात सोडून, दाणे घालून दोन्ही पुन्हा शेकड्यांत आणली. त्या कबुतरांची शेवटची घरटी कुठे उरली होती, ठाऊक आहे? जपानी देवदारांच्या एका राईत. माणसाने लावलेल्या, परक्या झाडांच्या. तिथे माकडे आणि उंदीर कमी फिरकत असत. म्हणून मी आता ‘परके म्हणजे वाईट’ असे एका दमात म्हणत नाही.

---

शंकासुर, बुधवार सकाळी ७:०५

बघा! माघार मागे घेऊ का?

---

पानफुटी, बुधवार सकाळी ७:२०

नको.

---

काळाकातळ, बुधवार दुपारी १२:१५

अवांतर, पण शंकासुराला खाद्य म्हणून. बेट ऐंशी-नव्वद लाख वर्षांचं, आणि २०१७ मध्ये तिथल्या ज्वालामुखी खडकात झिरकॉन या खनिजाचे कण सापडले, वय ३०० कोटी वर्षं. लाव्हा वर येताना खाली गाडलेल्या एका जुन्या खंडाच्या तुकड्यातून आला आणि येताना ते कण उचलून आणले, असं संशोधकांचं म्हणणं आहे. म्हणजे पेरू, हरीण, डच आणि मराठी यांच्या आधीचंही काही त्या परातीखाली आहे.

---

भटकभवानी, पुढचा रविवार, रात्री ९:१५

आज परत गेले. डोंगरावर नाही, पेत्रँला. पानफुटीने झोप उडवली होती.

आधी कुंपणातला तुकडा. तारेच्या या बाजूला तोच पेरूचा अंधार. त्या बाजूला आधी मला वाटलं, हे तर विरळ आहे, काहीच नाही. मग डोळे सरावले. उजेड जमिनीपर्यंत उतरत होता. गुडघ्याएवढं एक रोप, त्याची पानं जाड, चकचकीत. शेजारी दुसरं, नवी पालवी तांबडी. खोडावर शेवाळ, शेवाळात बोटाएवढा नेचा, नेच्यावर पाण्याचा थेंब. एका हाताच्या अंतरात सात वेगवेगळी पानं मोजली. गेल्या रविवारी दोन तासांत एकच पान पाहिलं होतं आणि त्यालाच घनदाट म्हणून इथे मिरवलं. ते वाक्य मूळ लेखात तसंच ठेवतेय, राहू दे.

मग केवडा. पाणथळ जागेत, मातीवर उचललेल्या मुळांवर उभा. पाल या प्राण्याचं नाव काढलं तरी मी खुर्चीवर चढते, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. तरी वीस मिनिटं उभी राहिले. काही नाही. मग ढग सरला, ऊन आलं आणि पानाच्या बेचक्यातून एक निळी शेपटी बाहेर आली. आधी शेपटी, मग बाकीचं. हिरवा रंग असा की कुणी आत्ताच रंगवून ठेवलाय. माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं, जीभ काढून तोच डोळा पुसला आणि आत. ट्रोकेशियाला फूल नव्हतं. झुडूप मात्र होतं, केवड्याला लागूनच.

येताना रस्त्याकडेला पेरूची पुडकी विकायला होती. घेतली. कास्काव्हेलकर, आजींच्या जॅमची कृती असेल तर द्या. बी रस्त्यावर थुंकणार नाही.

---

कास्काव्हेलकर, सोमवार सकाळी ६:१०

कृती आईला विचारून लिहितो. फळे थोडी कच्ची घ्या, पूर्ण पिकलेली घेतलीत तर जॅम घट्ट होत नाही. बी चाळणीतून काढून कचऱ्यात नको, उकळत्या पाण्यात टाका.

---

शंकासुर, सोमवार सकाळी ९:००

मी डिसेंबरात येतोय, बायकोने तिकीटं काढली. दोन प्रश्न. डिसेंबरात पेरू असतात का? आणि ती लाल माती पँटीवरून निघते का?

---

भटकभवानी, सोमवार सकाळी ९:१२

नसतात. नाही निघत.